रोग, हेतू, आरोग्य, भैषज्य : लोकारोग्याच्या योजनेचा विचार

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

संस्कृत पाठशाळेत शिकविणाऱ्या माणसाने वर्धापनाच्या सभेत एखाद्या स्तोत्राचे विवरण करावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु या वर्षी आपल्या धर्मार्थ दवाखान्याचा विस्तार करण्याचा संकल्प झाला आहे. भक्तांनी श्रद्धेने द्रव्य दिले आहे, आणि त्या द्रव्याचा विनियोग कसा करावा याविषयी आपल्यात मतभिन्नता आहे. कोणी म्हणतात, वर मजला चढवावा. कोणी म्हणतात, तपासणीची यंत्रे आणावी. कोणी म्हणतात, औषधांचा साठा वाढवावा. वडीलधाऱ्यांनी मला आज्ञा केली की या प्रश्नाचा शास्त्रीय अंगाने विचार सभेपुढे मांडावा. ती आज्ञा शिरसावंद्य मानून मी उभा आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या संस्था आपले काम आखताना आज दोन शब्द वारंवार वापरतात. एक 'स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग', म्हणजे दूरवरचा हेतू ठरवून केलेले नियोजन. दुसरा 'गॅप अ‍ॅनालिसिस', म्हणजे जे आहे आणि जे असावयास हवे त्यांतील अंतराची परीक्षा. शब्द नवे आहेत. विचार मात्र आपल्याला परका नाही. योगसूत्रांच्या साधनपादावरील व्यासभाष्यात चिकित्साशास्त्र चार व्यूहांचे आहे असे सांगितले आहे : रोग, रोगाचा हेतू, आरोग्य आणि भैषज्य. पाठशाळेतील विद्यार्थी हे चार शब्द एका दमात म्हणतो आणि पुढे जातो. मी स्वतः अनेक वर्षे तसाच पुढे गेलो. पण त्यांचा क्रम नीट पाहावा. औषध सर्वांत शेवटी आहे. आधी रोग ओळखावयाचा, मग त्याचे कारण शोधावयाचे, मग आरोग्य म्हणजे नेमके काय हे डोळ्यांपुढे आणावयाचे, आणि या तिन्हींचा निश्चय झाल्यावर भैषज्याला हात घालावयाचा. रोग आणि आरोग्य यांमध्ये जे आहे ते अंतर. हेतू म्हणजे त्या अंतराचे कारण. भैषज्य म्हणजे योजना. आपला मतभेद कशावरून आहे? भैषज्यावरून. पहिल्या तीन पायऱ्या चढण्याआधीच आपण चौथीवर उभे राहून भांडत आहो, असे मला नम्रपणे वाटते.

एका मनुष्याचा रोग आणि लोकसमूहाचा रोग यांत भेद आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, गंगातीरी काम्पिल्य नगरीजवळ भगवान पुनर्वसु आत्रेय आणि शिष्य अग्निवेश यांचा संवाद आहे. अग्निवेशाची शंका अशी की, माणसांच्या प्रकृती, आहार, वये आणि बले भिन्न असता एकाच वेळी एकच रोग साऱ्या जनपदाचा नाश कसा करतो? उत्तर असे की, प्रकृती भिन्न असल्या तरी वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वांना समान आहेत. ती बिघडली की सगळेच बिघडतात. आचार्य त्याहून एक पाऊल पुढे जातात. या बिघाडाचे मूळ ते अधर्मात आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात सांगतात, आणि त्याची सुरुवात नगराच्या व जनपदाच्या प्रमुखांपासून होते असे स्पष्ट म्हणतात. प्रज्ञापराध म्हणजे धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश : जे कळावयास हवे ते न कळणे, जे कळले ते धरून न ठेवणे, आणि जे धरले होते त्याचा विसर पडणे. लोकारोग्याच्या कोणत्याही संस्थेतील उणिवेचे कारण शोधू लागल्यास ते बहुधा या तीनांपैकी एकात सापडते.

अंतराची परीक्षा मोठ्या प्रमाणावर कशी करतात, याचे आपल्या देशातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती. ती १९४३ साली नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल दिला. समितीने प्रथम रोग मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. त्याच काळी इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा ५८ होता आणि न्यूझीलंडमध्ये ३१. मग तिने साधने मोजली : सुमारे ६,००० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. त्यानंतर आरोग्याचे चित्र रेखाटले : २,००० लोकांमागे एक डॉक्टर आणि ३०० लोकांमागे एक परिचारिका. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की सामान्य माणसालाही एक गोष्ट उमगते. डॉक्टरांची उणीव तिपटीची होती, परिचारिकांची जवळजवळ दीडशेपटीची. अंतर मोजले नसते तर देशाने केवळ वैद्यकीय महाविद्यालयेच मागितली असती. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. त्यांतील कोणता पाद सर्वांत लुळा आहे, हे मोजल्यावाचून कळत नाही.

पुढे हीच पद्धती रूढ झाली. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० आणि २०,००० अशी प्रमाणे ठरली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि २००७ साली भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके प्रसिद्ध झाली. केंद्रात किती खाटा, किती कर्मचारी, कोणती औषधे हवीत ते त्यांत लिहिलेले आहे, आणि प्रत्यक्षात काय आहे ते पाहून उणीव मांडता येते. हे काम उपयुक्त आहे यात संशय नाही. परंतु त्याला एक मर्यादा आहे. यादीत इमारत मोजली जाते. त्या इमारतीचे दार लोकांना उघडे वाटते की नाही, हे यादीत येत नाही.

याचे एक उदाहरण विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अनेक विकार होते, आणि त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. दुखणे होते, पण ते कोणत्याही दवाखान्याच्या वहीत नव्हते, कारण त्या स्त्रिया दवाखान्यापर्यंत आल्याच नव्हत्या. वही आलेल्यांची असते. न आलेल्यांची वही कोणी ठेवीत नाही. माझ्या मते अंतरपरीक्षेचे मर्म येथे आहे. ज्या जागी उणीव सोसली जाते त्या जागी गेल्याशिवाय ती दिसत नाही.

आता आपण आपल्या इंदुराकडे वळू. या नगराने या विषयात जगाला काही दिले आहे, आणि अलीकडे जगापुढे मानही खाली घातली आहे. दोन्ही सांगणे माझे कर्तव्य आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूर प्लेगाने गांजले होते. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकीर्दीत स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना दरबाराने पाचारण केले. त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडीस यांचा आग्रह एकच होता : उपचाराआधी निदान. ते कचेरीत नकाशा पसरून बसले नाहीत. गल्लीबोळांतून पायी फिरले. दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याची त्या काळची रीत त्यांना मान्य नव्हती. जेथे एक पडकी भिंत काढल्याने दहा घरांना हवा मिळते तेथे दहा घरे पाडू नयेत, अशा जपून केलेल्या शस्त्रक्रियेचा त्यांनी पुरस्कार केला.

त्यांच्या दिवाळीच्या मिरवणुकीची कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या वस्तीने आपली घरे आणि अंगणे अधिक स्वच्छ केली असतील त्या वस्तीतून जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! घरोघरी झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा प्रचंड उंदीर होता. सफाई करणारे कामगार शुभ्र वस्त्रे लेवून मानाने चालत होते. आणि शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले. हा केवळ उत्सव नव्हता. रोग्याला, म्हणजे चौथ्या पादाला, चिकित्सेत सामील करून घेण्याची ती युक्ती होती. नगराच्या आरोग्यात नागरिक हा बघ्या नसतो, तो पाद असतो, हे गेडीस यांनी आपल्याच सणाच्या भाषेत सांगितले.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत सिद्ध केली आणि १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ती रीत आजही जगात इंदूरच्या नावाने ओळखली जाते. कचरा हा रोगाचा हेतू न राहता भूमीचे अन्न होऊ शकतो, हा धडा याच मातीतून गेला.

या परंपरेचे फळ आपण पाहिले आहे. २०१६ साली देशातील स्वच्छ नगरांच्या क्रमवारीत इंदूर २५ वे होते. २०१७ साली ते पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. हे घडले ते घोषणांनी नव्हे. कचरा कोठे साचतो, का साचतो, गाडी किती वाजता येते, ओला आणि सुका कचरा कोठे मिसळतो, याची घरागणिक परीक्षा झाली. घरोघर गाडी येऊ लागली. रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या. आणि आपल्या माता-भगिनींनी घरात वेगवेगळे डबे ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याची क्षमता असलेला प्रकल्प येथे सुरू झाला. रोग, हेतू, आरोग्य, भैषज्य हा क्रम नीट पाळला म्हणजे काय साधते, याचे हे उज्ज्वल उदाहरण होय.

आणि तरीही, भक्तजनहो, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच नगरात, भागीरथपुरा या वस्तीत, नळाचे पाणी पिऊन माणसे मेली.

नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून आणि घाट चढून आपल्या घरी येते. एवढ्या कष्टाने आणलेले ते पवित्र उदक शेवटच्या काही हातांवर मलमिश्रित झाले. नळी फुटलेली होती आणि तिच्या सान्निध्यात शौचालयाची घाण झिरपत होती. शेकडो लोक आजारी पडले. मृतांची संख्या निरनिराळी सांगितली गेली. त्यांत वृद्ध होते, तान्हे मूलही होते. पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, अशा तक्रारी रहिवाशांनी आधीच केल्या होत्या, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले.

मी येथे कोणास दोषी ठरविण्यास उभा नाही. त्यासाठी न्यायासने आहेत. मला एवढेच पाहावयाचे आहे की, अंतर मोजण्यात एवढे निपुण ठरलेले नगर हे अंतर मोजण्यास कसे चुकले. माझ्या अल्पमतीला उत्तर असे दिसते. ज्याची परीक्षा होणार होती ते आपण मोजले. रस्ता मोजला, डबा मोजला. २०२१ साली सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलही देशात पहिला मान मिळविला. जमिनीखालच्या जुन्या नळीला मात्र कोणी गुण देत नव्हते. जलवाहिनीत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. पाणी बंद असता नळीतील दाब ओसरतो, आणि कोठे भेग असली तर भोवतालची घाण आत ओढली जाते. सकाळी तेच पाणी प्रथम घराघरांत येते. शुद्धीकरण केंद्रात कितीही चोख परीक्षा झाली तरी ही घाण तेथे दिसणार नाही, कारण ती वाटेत शिरते. ती दिसते फक्त शेवटच्या तोटीशी. आणि तेथे जी बाई घागर भरीत होती तिने परीक्षा केलीच होती. तिचे नाक हे तिचे उपकरण होते आणि तिची तक्रार हा तिचा अहवाल होता. तो अहवाल कोणी मोजमाप म्हणून वाचला नाही, कटकट म्हणून वाचला. मला वाटते, येथे धी भ्रष्ट झाली नव्हती, कारण माहिती होती. धृती सुटली होती.

ज्या संस्थेची स्तुती होते तिला ही भीती अधिक. स्तुती ऐकण्याची सवय लागली की उणीव सांगणारा अप्रिय वाटू लागतो. हा धोका नगरपालिकेला आहे तसाच मठालाही आहे, हे मी भीत भीत का होईना, म्हणणार आहे.

आपल्या दवाखान्याची नोंदवही मी गेल्या चातुर्मासात चाळली. मन प्रसन्न झाले. पाने भरलेली होती. मग एक साधा प्रश्न मनात आला : पूर्वी नियमाने येणारी अमुक एक माउली अलीकडे का दिसत नाही? ती आपल्या मठाची जुनी भक्त. मी घरी जाऊन विचारले. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, दवाखाना सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळी मी चार घरी पोळ्या लाटते. दुपारी आले तर दार बंद. गुडघा दुखतो तो दुखतो, पण एक दिवस खाडा केला तर घर जाते." आपण तिच्यासाठी औषध ठेवले होते, वैद्य ठेवला होता, विनामूल्य ठेवला होता. फक्त तिची वेळ आपण विचारली नव्हती. वर मजला चढविल्याने हे अंतर एक बोटही कमी होणार नाही. दाराची वेळ बदलल्याने होईल, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. त्या दिवशी मी पाठशाळेत परतलो तेव्हा ते चार शब्द मला प्रथमच कळल्यासारखे वाटले.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, इमारतीची पायाभरणी तीन महिने पुढे ढकलावी. यात अपशकुन नाही. हे तीन महिने आपण निदानाला द्यावेत. पहिल्या महिन्यात नोंदवहीत नाव आहे पण येणे थांबले आहे अशांच्या, आणि ज्यांचे नाव कधीच आले नाही अशा शेजारच्या घरी दोघादोघांनी जावे व तीनच प्रश्न विचारावेत : घरात कोणाला काय होते, त्यासाठी कोठे जाता, आणि आमच्याकडे का येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडू असले तरी शब्दशः लिहून घ्यावे.

दुसऱ्या महिन्यात पाणी पाहावे. भारतीय मानकाप्रमाणे क्लोरीन घातलेल्या पाण्यात, घरच्या तोटीशी, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवे. ते शिल्लक नसेल तर वाटेत काहीतरी शिरले असण्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा लहानशा संचाने, पाण्यात काही थेंब टाकून रंग पाहून होते. पाठशाळेचे मोठे विद्यार्थी ती सहज शिकतील. मठाच्या कोठीतील नळ, आणि भोवतालच्या प्रत्येक गल्लीतील शेवटचा नळ, आठवड्यातून एकदा तपासून फळ्यावर लिहावे. उणीव दिसली तर नगरपालिकेला लेखी कळवावे आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. जो शेवटच्या नळापर्यंत जातो त्यालाच पाणी कळते.

तिसऱ्या महिन्यात हे सर्व एका कागदावर दोन स्तंभांत मांडावे : एकीकडे जे आहे, दुसरीकडे जे असावे. त्यांतील प्रत्येक अंतरापुढे त्याचे कारण लिहावे. द्रव्याची उणीव असेल तर द्रव्य, माणसाची असेल तर माणूस, वेळेची असेल तर वेळ. मग त्या कागदाने मजला बांधावा असे सांगितले, तर पहिली वीट वाहण्यास मी येईन. त्याने दुसरे काही सांगितले, तर आपण ते ऐकावे. आणि पुढच्या वर्धापनाला तोच कागद याच सभेत पुन्हा वाचावा, म्हणजे कोणते अंतर बुजले आणि कोणते नाही ते सर्वांपुढे येईल. ही स्मृती होय. तिच्यावाचून योजना हा केवळ संकल्प राहतो, आणि केवळ संकल्पाने कोणाचा ज्वर उतरत नाही.

पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी देशभर विहिरी आणि घाट बांधले ते वाटसरूची तहान ओळखून. त्यांच्या नगरात राहणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या तोटीचे पाणी पाहावे, यात नवीन असे मी काहीच मागत नाही. श्रीगुरूंच्या सेवेचा अर्थ त्यांच्या दारी येणाऱ्याची सेवा असा आपण मानतो. जो दारी येऊ शकला नाही त्याच्या दारी आपण जावे, एवढीच भर त्यात घालावी, अशी प्रार्थना करून हे शब्द श्रीगुरुचरणी अर्पण करतो.

इति शम्.